फाटक उघडे ठेव, बापू

वाचकहो, घुग्घुसचा माणूस बागेवर लेख लिहितो आहे, हे पाहून तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. आमच्या गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल ते कोळशासाठी, नाही तर सिमेंटसाठी. आमच्याकडे सकाळी तुळशीला पाणी घालण्याआधी तिची पाने ओल्या फडक्याने पुसावी लागतात. वाळत घातलेले धोतर संध्याकाळी काढायला जावे तर त्याचा रंग बदललेला असतो. अशा गावच्या शेतकऱ्याने फुलाझाडांच्या गोष्टी सांगाव्यात म्हणजे नवलच. पण गोष्ट घडली आहे आमच्याच घरात, आणि ती तुमच्याही कामाची आहे, म्हणून सांगतो.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा शिकला. वनस्पतिशास्त्रात मोठी पदवी घेतली आणि एका विद्यापीठात शिकवायला लागला. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, कारण पुढे थोडे उणेदुणेही यायचे आहे. आमच्या गावाहून रात्रभराच्या एसटीच्या अंतरावर ते आहे, एवढे समजा. २०१९ साली त्याच्याकडे तिथल्या वनस्पती बागेचा कारभार आला. घरी पेढे वाटले गेले. माय म्हणजे माझी आई, तेव्हा तिला ऐंशी लागली होती. तिने विचारले, "बगीच्याचा मुखत्यार झाला का पोट्टा? मंग पाणी कोन देते?"

त्या दिवाळीला पुतण्या घरी आला, तो मात्र उतरल्या तोंडाने. रात्री ओसरीवर बसलो असता त्याने मन मोकळे केले. "काका, बाग तीन एकर आहे. झाडे चांगली आहेत, प्रत्येकाला पाटी आहे. एक माळी आहे, तोही वर्षभरात निवृत्त होणार. पण बागेत कोणी येतच नाही. परीक्षेच्या आधी आठ दिवस विद्यार्थी येतात, पाने तोडून वहीत चिकटवतात आणि जातात. बाकी वर्षभर फाटकाला कुलूप. वरचे लोक विचारतात, या जागेवर वाहनतळ का करू नये? त्यांना काय उत्तर देऊ?"

मी म्हटले, "बाग कोणासाठी केली आहे, ते तर सांग." त्यावर त्याला एकदम उत्तर देता आले नाही. पण मास्तर माणूस तो. त्याने मला बागांचा सगळा इतिहासच सांगितला, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

विद्यापीठाने बाग ठेवायची ही चाल इटलीतून आली. पाडुआ नावाच्या गावी १५४५ साली तिथल्या विद्यापीठाने औषधी झाडांची बाग लावली. ती आजही त्याच जागेवर उभी आहे. हेतू साधा होता. वैद्यकी शिकणाऱ्या पोरांना खरी मुळी कोणती आणि खोटी कोणती हे ओळखता यावे, म्हणजे रोगी दगावणार नाही. पुढे गोऱ्या लोकांनी आपल्या देशातही बागा केल्या. कलकत्त्याजवळ शिबपूरला १७८७ साली कंपनी सरकारचा अधिकारी रॉबर्ट किड याने बाग सुरू केली. जहाजांसाठी सागवान मिळावे, मसाल्याची झाडे वाढवावीत, व्यापार वाढावा, हा त्या बागेचा हेतू. वाईट नव्हता, पण त्यात गावच्या माणसाला जागा नव्हती. झाड सरकारचे, फळ कंपनीचे आणि कुंपणाबाहेर आपण. मला वाटते, तेव्हापासून आपल्या मनात बसले आहे की अशी बाग म्हणजे साहेबाची जागा. आत जायचे तर चपला कुठे काढायच्या हेही आपल्याला कळत नाही.

नागपूरच्या महाराजबागेचेच पाहा. भोसल्यांची जुनी बाग ती, पुढे कृषी महाविद्यालयाकडे आली. आपण पोराबाळांना घेऊन तिथे जातो ते वाघ पाहायला. झाडांपुढून सरळ चालत जातो.

हे बोलणे चालू असता माय आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन बसली आणि नातवाला म्हणाली, "तुह्या बगीच्यात तरोटा हाये का?"

पुतण्या हसला. "आजी, तरोटा तर रस्त्याच्या कडेला उगवतो. तो काय बागेत लावायचा?"

"अन् काटवल? वाघाटी? टेंभराचं झाड? मोवा हाये का?"

मोह होता. बाकीचे नव्हते. परदेशातून आणलेले ताड मात्र सात प्रकारचे होते. माय म्हणाली, "मंग मी तिथं येऊन काय पाहू? ओळखीचं कोनीच नाही."

वाचकहो, बाग ओस का पडते याचे उत्तर मला त्या रात्री मिळाले. आपण लग्नाला जातो ते ओळखीची माणसे भेटतील म्हणून. जिथे एकही चेहरा ओळखीचा नाही तिथे दोन घटका कोण थांबेल? पण पुतण्याला हे पटायला वेळ लागला. परत गेल्यावर त्याने आपल्या रीतीने एक समारंभ केला. मंडप घातला, पाहुणे बोलावले, हारतुरे झाले, आजूबाजूच्या चार खेड्यांतल्या बायामाणसांना गाडी पाठवून आणले. प्राध्यापक मंडळी खुर्च्यांवर आणि गावकरी खाली सतरंजीवर. दोन तास भाषणे झाली. मग विचारले, "आता आपल्यापैकी कोणाला झाडांविषयी काही सांगायचे आहे का?" कोणीही बोलले नाही. चहा पिऊन सगळे गाडीत बसले. त्याने मला फोनवर सांगितले, "काका, लोकांना आवडच नाही."

मी तो फोन मायच्या हाती दिला. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "बापू, त्याईले खुर्चीवर बसव. तू खाली बस. अन् फाटक उघडं ठेव."

आता तुम्ही म्हणाल, अडाणी म्हातारीचे बोलणे आणि विद्यापीठाचा कारभार यांचा काय संबंध? पण पुतण्यानेच पुढे मला एक जुनी हकीकत सांगितली, ती ऐका. सतराव्या शतकात केरळात कोचीनला डच लोकांचा व्हान ऱ्हेडे नावाचा अधिकारी होता. मलबारच्या झाडांवर ग्रंथ करावा असे त्याच्या मनात आले. 'होर्तुस मलबारिकुस' हे त्या ग्रंथाचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले, सातशेहून अधिक झाडांची चित्रे आणि वर्णने त्यात आहेत. हे सगळे ज्ञान त्या साहेबाने आणले कुठून? इट्टी अच्युतन नावाच्या एका मलबारी वैद्याकडून. तो मोठ्या जातीचा नव्हता, ताडीचा धंदा करणाऱ्या समाजातला होता, पण त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झाडपाल्याची वैद्यकी होती. त्याच्या जोडीला गोव्याकडून तिकडे गेलेले तीन कोकणी वैद्य होते, रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे साहेबाने त्यांची नावे ग्रंथात छापली. अच्युतनाचा मजकूर त्याच्या लिपीत आणि कोकणी वैद्यांचा नागरी अक्षरांत. साडेतीनशे वर्षे होत आली, ती नावे अजून आहेत. पुढे कालिकत विद्यापीठाचे डॉ. के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून तो लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला, तो २००३ साली निघाला. मग मल्याळी भाषेतही आणला. म्हणजे वैद्याच्या घरातून निघालेली विद्या जग फिरून पुन्हा त्याच्या गावी आली.

आपल्या जिल्ह्यात याची दुसरी बाजूही घडलेली आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तुम्हाला माहीत असतील. दीड एकरांचे शेतकरी. १९८३ साली त्यांना आपल्या धानाच्या बांधीत दोन-चार वेगळ्या लोंब्या दिसल्या. दुसरा माणूस त्या कापून मोकळा झाला असता. यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षामागून वर्षे निवडत गेले, आणि त्यातून बारीक दाण्याचा गोड तांदूळ निघाला. त्या काळी एचएमटीचे घड्याळ मनगटावर असणे ही प्रतिष्ठा होती, तेच नाव तांदळाला पडले. पुढे १९९८ साली कृषी विद्यापीठाने त्या तांदळाची शुद्ध केलेली जात पीकेव्ही-एचएमटी म्हणून आणली. मूळ श्रेय कोणाचे, यावर मग पुष्कळ चर्चा झाली. दादाजी २०१८ साली गेले. त्यांचा तांदूळ किती राज्यांत पिकला आणि त्यांच्या हाती काय राहिले, हा हिशेब मी मांडत बसत नाही. सांगायचे इतकेच की सांगणाऱ्याचे नाव पहिल्या दिवशी लिहिले नाही, तर पुढे ते लिहिणे फार अवघड होऊन बसते.

पुतण्याने दुसऱ्या खेपेला मंडप घातला नाही. २०२० साल तर महामारीतच गेले, सगळ्याच फाटकांना कुलूप होते. पण त्या सुट्टीत तो माळ्याला घेऊन आजूबाजूच्या खेड्यांत हिंडला. कोणाच्या बांधावर, कोणाच्या परसात. जिथे जाईल तिथे खाली बसला. २०२१ पासून त्याने एक रीत घातली. दर महिन्याच्या एका रविवारी फाटक सकाळपासून उघडे. त्या दिवशी एका गावच्या दोन-तीन जाणत्या बाया किंवा गडी येतात. त्यांना खुर्ची, भाडे आणि दिवसाची मजुरी. विद्यार्थी त्यांच्यामागून बागेत फिरतात. बाई सांगते आणि पोरे लिहितात. जे झाड बागेत नसेल ते पुढच्या खेपेला त्या गावातून येते. तरोटा आला, काटवल आले, वाघाटीचा वेल आला, वास्त्यांसाठी बांबूचे बेट आले. पावसाळ्यात चुलीवर भाज्या होतात, तेव्हा तर प्राध्यापकांच्या घरच्या बायकाही डबे घेऊन येतात. पाट्याही बदलल्या. वर गावचे नाव, खाली लॅटिन नाव, आणि त्याखाली सांगणाऱ्याचे नाव व गाव.

एक खबरदारी मात्र त्याने घेतली, ती चांगली घेतली. कोणी म्हातारीने अमक्या मुळीचा तमक्या रोगावरचा काढा सांगितला, तर तो पाटीवर लिहायचा नाही. एक तर वाचून कोणी भलतेच खाईल. दुसरे म्हणजे ती विद्या तिच्या घरची, तिच्या परवानगीवाचून चव्हाट्यावर का आणावी? २००२ साली आपल्याकडे जैवविविधतेचा कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असायची आणि गावच्या झाडाझुडपांची, बियाण्यांची, जाणत्यांच्या माहितीची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची. पुतण्या म्हणतो, औषधाची माहिती त्या वहीत गावाच्या मालकीने राहू दे, माझ्या पाटीवर नको.

हे शहाणपण केवळ पुस्तकी नाही. आपल्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली हजारभर हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गावाने बसून आपले नियम ठरवले. बांबू रीतीने तोडून विकायचा. तेंदूपाने तोडणे मात्र थांबवले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि टेंभरं खायला ना माणसांना उरत ना पाखरांना. जंगलाचा एक भाग देवाचा म्हणून हातही न लावता ठेवला. तिथे कोणी बागप्रमुख नाही, ग्रामसभाच प्रमुख. मला वाटते, बाग चालवायची असेल त्या साहेबाने आधी पाचगावच्या झाडाखाली चार दिवस बसावे.

विद्यापीठांनीही चांगली कामे केली आहेत, तेही सांगायला हवे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची बाग पाहून पुतण्या आला तेव्हा आठ दिवस त्याच गोष्टी सांगत होता. ते विद्यापीठ १९६२ साली निघाले. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाने खर्चुडी जपण्याचे मोठे काम केले. खर्चुडी म्हणजे सह्याद्रीच्या पठारांवर आणि कड्यांवर पावसाळ्यात येणारे एक नाजूक झुडूप किंवा वेल. तिचे फूल कंदिलासारखे. लहान माशी त्या नळीत उतरते, आतल्या केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. फूल मलूल झाले की केस कोमेजतात आणि माशी अंगावर पराग घेऊन सुटते. जमिनीत तिला कंद असतो. गुराखी, मेंढपाळ तो खणून खातात, रानडुकरेही खातात. काही जाती तर एखाद्‌दुसऱ्या डोंगरापुरत्याच उरलेल्या. डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोंगर पालथे घालून त्या शोधल्या आणि बागेत वाढवल्या. २०२३ साली विशाळगडावर खर्चुडीची एक नवी जात सापडल्याचे जाहीर झाले, तिला शिवरायांचे नाव दिले आहे. आपण ज्याला काडीकचरा म्हणून ओलांडून जातो, त्यात काय दडलेले असते पाहा.

आता माझ्या घरची गोष्ट. त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

वर्धा नदीकडे आमचे सात एकर शेत होते. कापूस, तूर, एका कोपऱ्यात पाच गावरान आंबे. शेत खाणीसाठी गेले. पैसे मिळाले, ते घरात लागले. कोणाविरुद्ध तक्रार करायला हा लेख नाही. पाचांतले चार आंबे आधीच पडले होते. धुऱ्यावरचा एक तेवढा उभा होता. शेप्या आंबा. पिकला की त्याला बडीशेपेचा वास येतो. रस पातळ, कोय मोठी, बाजारात त्याला कोणी विचारणार नाही. पण अक्षय तृतीयेच्या घागरीवर आमच्याकडे त्याचीच कैरी आणि आषाढापर्यंत त्याचेच लोणचे. माझ्या आजीने, म्हणजे मायच्या सासूने, तो लावलेला. तो जाणार हे ठरले तेव्हा माय काही बोलली नाही. दोन दिवस जेवली मात्र नाही.

पुतण्या म्हणाला, "आजी, झाड नेता येत नाही, पण काडी नेता येते." २०२१ च्या जुलैत तो आला, काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि रात्रीच्या गाडीने गेला. गाडी वाटेत बिघडली. पोचेपर्यंत काड्या काळवंडल्या. वीस कलमे केली, वीसही वाळली. त्याचा फोन आला तेव्हा माय म्हणाली, "लेकराले दूधाशिवाय प्रवासाले नेलं, कसं जगन?"

मग त्याने विचार केला. काडी बागेत नेण्याऐवजी बागच गावात का आणू नये? ही कृती तुमच्या कामाची आहे, नीट वाचा. म्हाताऱ्या झाडाला कोवळ्या काड्या कमी येतात. म्हणून फेब्रुवारीत दोन फांद्या छाटल्या. त्यांना फुटवे आले, ते जुलैपर्यंत तीन-चार महिन्यांचे झाले. कापायच्या आठ-दहा दिवस आधी त्यांची पाने देठ ठेवून काढली, म्हणजे डोळे फुगतात. इकडे अंगणात पिशव्यांत गावरान कोयी लावल्या. कोय उगवून दहा-पंधरा दिवसांची झाली, पाने अजून तांबूस आहेत, अशा वेळी रोप चार बोटांवर छाटले, मधोमध चीर दिली. तेवढ्याच जाडीच्या काडीला दोन्ही बाजूंनी पाचरेसारखा काप देऊन ती चिरेत बसवली आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधली. काडी झाडावरून काढल्यापासून बांधेपर्यंत अर्धा तासही गेला नाही. याला कोय कलम म्हणतात. पावसाळ्याची दमट हवा त्याला मानवते. चोवीस कलमे बांधली. पट्ट्या कापून देण्याचे काम माय करत होती. त्यांतली नऊ जगली.

कलमे अंगणात असतानाच, २०२२ च्या ऑगस्टात, आमच्या घुग्घुसला ती घटना घडली जी तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. जुन्या भूमिगत खाणीवरची जमीन खचली आणि एक राहते घर पाहता पाहता खड्ड्यात गडप झाले. घरची माणसे आधीच बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या घरांना घरे सोडावी लागली. त्या वस्तीचे नाव आमराई वॉर्ड. आमचे घर दुसऱ्या बाजूला आहे, पण त्या रात्री गावात कोणी झोपले नाही. माय अंगणात कलमांजवळ बसून होती. म्हणाली, "आमराई गेली तवा नाव तरी ठेवलं होतं. आता नावाखालची जमीनबी गेली."

सकाळी तिने पुतण्याला फोन लावायला सांगितला. "कलमं घेऊन जा. सगळी नको, सात ने. दोन इथं राहू दे. एका जाग्यावर सगळं ठेवू नये." वाचकहो, मोठमोठ्या बागांचे शास्त्रज्ञ हेच सांगतात. दुर्मीळ झाड एकाच बागेत ठेवू नये, दोन-तीन ठिकाणी ठेवावे. मायने ते कुठे वाचले नव्हते.

पुतण्या आला. कलमे गाडीत नीट लावली. मग खिशातून वही काढून म्हणाला, "आजी, पाटीवर तुझे नाव लिहितो."

"माह्यं कायले? म्या लावला का? सासूबाईचं लिव."

"आजीच्या सासूबाईंचे नाव काय होते, काका?"

मला सांगता येईना. माझीच आजी, तिच्या मांडीवर मी वाढलो, पण तिचे नाव मला माहीत नव्हते. ती आम्हा पोरांची आजी होती, वडिलांची माय होती, गावाची पाटलाच्या वाड्याजवळची म्हातारी होती. सातबारावर तिचे नाव कधी चढलेच नाही. थोरल्या भावाला फोन केला, त्यालाही ठाऊक नव्हते. माहीत होते ते एकट्या मायला. पण सासूचे नाव सुनेने घ्यायचे नाही, या रीतीत तिचा जन्म गेलेला. ती पदर तोंडाला लावून बराच वेळ गप्प बसली. मग हलकेच तिने ते नाव उच्चारले. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा. माझी घरची दारात उभी होती, तिने डोळे पुसले. पुतण्याने वहीत लिहून घेतले आणि पुन्हा वाचून दाखवले. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते पाटीवर आहे, तेवढे पुरे.

पुढच्या उन्हाळ्यात धुऱ्यावरचा आंबा गेला. बागेत नेलेल्या सातांपैकी पाच कलमे जगली. घरच्या दोन्ही आहेत, एक अंगणात, एक भाच्याच्या शेतात. यंदा अंगणातल्याला थोडा मोहोर आला. कलमाचा पहिली तीन वर्षे मोहोर खुडायचा असतो, म्हणजे झाडाच्या अंगात जोर राहतो. पुतण्याने तसे बजावले आहे. मायने सगळा खुडला, एक तुरा ठेवला. म्हणाली, "तुमची तीन वर्सं मोजा तुमी. माह्याकडं किती हायेत ते मले ठावूक."

वाहनतळाची गोष्ट आता कोणी काढत नाही. पुतण्या बागेचा प्रमुख आहे, पण आता कोणी विचारले की बाग कोण चालवते, तर तो त्या महिन्याच्या गावाचे नाव सांगतो. उणीव आहेच. माळ्याची जागा अजून भरलेली नाही. दुपारच्या पाण्यासाठी विद्यार्थी पाळी लावतात.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयात, विद्यापीठात अशी एखादी बाग असेल. एक दिवस जा. फाटकाला कुलूप असेल तर आत जाऊन विचारा. रिकाम्या हाताने जाऊ नका, तुमच्या बांधावरचे एखादे रोप न्या आणि त्याला तुमच्याकडे काय म्हणतात ते लिहून घ्यायला सांगा. ग्रामपंचायतीत जैवविविधतेची नोंदवही आहे का, तेही विचारा. असेल तर तुमच्या घरच्या म्हातारीने सांगितलेले त्यात आहे का ते पाहा. आणि धुऱ्यावर एखादा जुना आंबा उभा असेल तर येत्या फेब्रुवारीत त्याच्या दोन फांद्या छाटा. कोयी फेकू नका.

आणि आज संध्याकाळी जेवताना घरात विचारा, तो आंबा कोणी लावला होता आणि त्या माणसाचे नाव काय. कोणाला तरी माहीत असेल. अजून.